मदत हवी आहे : स्वित्झर्लंडसाठी ७०-२०० लेन्स (लांबचं जवळ आणणारी) भाड्याने घेऊ की १६-३५ (रुंद दृश्याची)?

ठाणेकर_क्लिक
पुढच्या आठवड्यात सहकुटुंब स्वित्झर्लंडला निघतोय. एक लेन्स भाड्याने घ्यायची आहे, दुकानदाराला उद्या दुपारपर्यंत नक्की सांगायचंय. दोन्ही घेणं परवडत नाही. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या किट लेन्सवरचा विश्वास उडालाय, मनालीला बर्फातले सगळे फोटो वाया गेले. जाणकारांनी पटकन सांगा प्लीज.

सह्यभटक्या
कॅमेरा कुठला? फुल फ्रेम (मोठा सेन्सर) की क्रॉप (लहान सेन्सर)? क्रॉपवर १६-३५ लावली तर ती २४-५० सारखी वागणार, म्हणजे दृश्य अरुंद होणार, मग भाडं कशाचं देताय? आणि फोटो 'वाया गेले' म्हणजे हलले, धूसर आले, की काळे आले?

प्राइमप्रेमी
दोन्ही नकोत. ५० एमएम १.८ (झूम नसलेली, कमी उजेडात चालणारी) विकत घ्या, वजन नाही, रात्रीच्या रस्त्यावरही चालते. माझ्या युरोपच्या सगळ्या फोटोंना तीच होती.

सह्यभटक्या
क्रॉपवर ती ७५ होते हो! ट्रेनच्या डब्यात समोरच्या सीटवरच्या माणसाचं नाकच येईल. मागे सरकायला जागा कुठे असते?

प्राइमप्रेमी
माणसांचेच फोटो काढायचेत ना? डोंगरांचे कॅलेंडरवर मिळतात.

गगनभरारी
ड्रोन नेणार असाल तर आधी नोंदणी करा. तिथे कॅमेरा असलेल्या ड्रोनला २५० ग्रॅमच्या आतला असला तरी ऑपरेटरची नोंदणी लागते. डोंगरात वाऱ्याचाही भरवसा नाही.

ठाणेकर_क्लिक
ड्रोन नाहीये. लेन्सचं सांगा ना कोणीतरी.

झुरिककर
मी इकडेच राहतो, मे-जूनमध्ये भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना फिरवतो म्हणून विचारतो. ग्रुप टूर आहे की स्वतःचं? युंगफ्राऊला किती वाजता पोचणार? बरोबर कोण कोण? याची उत्तरं मिळाल्याशिवाय लेन्स सांगण्यात अर्थ नाही.

ठाणेकर_क्लिक
ग्रुप टूर. आई-बाबा, बायको, सहा वर्षांचा मुलगा. युंगफ्राऊ, टिटलिस, लुझर्न. वेळा टूर मॅनेजर ठरवणार, बहुतेक दुपारच्या. क्रॉप सेन्सरचा मिररलेस, १६-५० किट. मनालीला बर्फ राखाडी आला आणि सगळ्यांचे चेहरे काळे. शिवाय मी एकाही फोटोत नाही, त्यावरून आई अजून बोलते. पण माझा प्रश्न लेन्सचा आहे.

झुरिककर
नाही हो, प्रश्न लेन्सचा नाहीच. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतं. फ्रेमभर बर्फ दिसला की त्याला वाटतं उजेड फार झाला, मग तो फोटो काळवंडवतो. लाखाची लेन्स लावली तरी तेच होणार. एक्सपोजर कॉम्पेन्सेशनचं (फोटो उजळ-गडद करायचं) बटण शोधा, +१ पासून सुरू करा, गरजेप्रमाणे +१.७ पर्यंत जा. गॉगल लावून स्क्रीन बघू नका, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा.

आता युंगफ्राऊयोखबद्दल, म्हणजे युंगफ्राऊजवळच्या खिंडीबद्दल. ३४५४ मीटरवर स्टेशन, तिथून लिफ्टने स्फिंक्स वेधशाळेच्या गच्चीवर. सगळे जण 'आलेच' नावाच्या ग्लेशियरकडे (हिमनदीकडे) पाठ करून उभे राहतात. ते ग्लेशियर दक्षिणेला आहे आणि उन्हाळ्यात इथे सूर्य दीडच्या सुमारास बरोबर दक्षिणेला येतो. म्हणजे जेवणाच्या वेळी पोचणाऱ्या प्रत्येक ग्रुपचे चेहरे सूर्याविरुद्ध, वर टोप्यांची सावली. त्यापेक्षा मोंखचं शिखर घरच्यांच्या पाठीशी घ्या, ते ईशान्येला आहे. दुपारचं ऊन चेहऱ्यावर येईल, बर्फ खालून उजेड फेकेल, बाबांच्या टोपीखालचे डोळेसुद्धा दिसतील. ग्लेशियर हवाच असेल तर कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश उघडा.

सह्यभटक्या
+१.७ फार होतं. उन्हातला बर्फ पांढराफटक होऊन कण दिसेनासे होतात. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, घरी उजळा.

झुरिककर
रॉ काढावंच. पण काळा चेहरा घरी उजळला की त्यात दाणे येतात. आजींच्या चेहऱ्यापुढे चार बर्फाचे कण गेले तर गेले.

सह्यभटक्या
हे मला पटत नाही, पण चेहऱ्यापुरतं मान्य.

फिल्टरभाऊ
पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) घ्या!! आकाश असं निळं होतं की विचारू नका.

झुरिककर
इतक्या उंचीवर आकाश मुळातच गडद असतं, पोलरायझर लावला की काळपट होतं. वाइड (रुंद दृश्याच्या) लेन्सवर तर अर्धं आकाश गडद, अर्धं फिकट. तळ्याकाठी वापरा, वर नको.

अन्नपूर्णा_नाशिक
शाकाहारी आहात का? ग्रुप टूर असली तरी दशम्या आणि लसणाची चटणी न्याच. भूक लागलेला मुलगा कोणत्याच फोटोत हसत नाही.

सह्यभटक्या
ताई, धागा फोटोचा आहे.

अन्नपूर्णा_नाशिक
मीही फोटोचंच सांगतेय. पोरगं रडायला लागलं की टूरच्या वीस मिनिटांतली दहा गेली.

लेकीची_आई
ताईंचं अगदी खरं आहे. माझं ऐका, प्रत्येक ठिकाणी आधी घरच्यांचा फोटो, मग डोंगर. डोंगर थांबतो, म्हातारी माणसं थंडीत थांबत नाहीत. आणि कॅमेरा ऑटोवर टाकून ग्रुपमधल्या कुणाच्या तरी हातात द्या, बदल्यात त्यांचा काढून द्या. तुमच्या आईंना तो फोटो हवाय ज्यात मुलगा आहे. 'जरा थांबा, जरा थांबा' करत घरच्यांना ताटकळत ठेवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

झुरिककर
अगदी सहमत. लाउटरब्रुनेन गावाला थांबा असेल तर मॅनेजरला सकाळची वेळ मागून बघा. श्टाउबबाखचा २९७ मीटरचा धबधबा पश्चिमेच्या कड्यावरून पडतो, त्यामुळे सकाळी उन्हात असतो, दुपारनंतर सावलीत.

ठाणेकर_क्लिक
मंडळी, आत्ताच बाल्कनीत वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीसमोर मुलाला उभं करून बघितलं. शून्यावर चादर मळकट, चेहरा सावळा. +१.३ वर चादर चादरीसारखी आणि त्याचा पडलेला दातही दिसला. किट लेन्सच होती! दुकानदाराला नाही म्हणून कळवलं. आता शेवटचं, बॅटरी थंडीत पटकन उतरते म्हणतात. जास्तीच्या बॅटऱ्या चेक-इन बॅगेत टाकू का?

प्राइमप्रेमी
५० एमएमचा विचार करा अजूनही.

सह्यभटक्या
सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये अजिबात चालत नाहीत, हातातल्या बॅगेतच ठेवा. वर गेल्यावर जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. उतरताना गरम ट्रेनमध्ये शिरायच्या आधी कॅमेरा झिपच्या प्लास्टिक पिशवीत बंद करा, नाहीतर लेन्सवर बाष्प धरतं. खाली येऊन अर्ध्या तासाने उघडा.