मदत हवी आहे : विद्युत पिकअप ट्रकमधील लसींच्या फ्रिजला रात्रभर वीज कशी पुरवावी?

नमस्कार. मी टेक्सासमध्ये मोठ्या जनावरांची पशुवैद्य आहे. शिक्षण परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात झाले आणि आता इथल्या कुरणांवर फिरून गाईगुरांवर उपचार करणे हे माझे रोजचे काम आहे. दवाखाना ट्रकच्या हौद्यातच असतो. २०२१ च्या फेब्रुवारीतील हिमवादळात राज्यातील लाखो घरांची वीज गेली, त्यांत आमचेही घर होते, आणि मोठी बॅटरी असलेले वाहन दाराशी असावे असे तेव्हापासून मनात होते. पुढे विद्युत पिकअप ट्रक घेतला. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी अडचण एका कंपनीपुरती आहे असे मला वाटत नाही.

हौद्यातील पेटीत १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज आहे. त्यातील लसी २ ते ७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवाव्या लागतात. तापल्या तरी वाया जातात आणि गोठल्या तरी वाया जातात. त्याखेरीज चार एलईडी झोतदिवे, पाण्याचा लहान पंप आणि सोनोग्राफी यंत्राचा चार्जर आहे. सगळे एकदम चालू केले तर सुमारे ६०० वॉट होतात, म्हणजे १२ व्होल्टवर ५० अँपिअर. पाणी तापवण्याचा १५०० वॉटचा हीटर मात्र हौद्यातील १२० व्होल्टच्या सॉकेटवर चालतो. रात्री दोन वाजता गाय अडली आहे, आसपास विजेचा खांब नाही, आणि तरीही जनरेटरच्या धडधडीशिवाय लख्ख उजेड आणि गरम पाणी मिळते, गाय बुजत नाही, वासराचा पाय कुठे अडकला आहे हे हाताला शांतपणे शोधता येते. त्यामुळे ट्रक विकून टाका हा सल्ला कृपया देऊ नये. मला त्याची मांडणी नीट करून घ्यायची आहे.

गेल्या जुलैत घरापासून दोनशे किलोमीटरवर एका कुरणावर मुक्काम होता. सायंकाळी ट्रक बंद केला तेव्हा मुख्य बॅटरी ७१ टक्के भरलेली होती. सकाळी तो किल्लीला दाद देईना, दार उघडेना, पडद्यावर काही उमटेना. कुरणाच्या मालकाने आपल्या जुन्या डिझेल गाडीची बॅटरी जोडली तेव्हा कुठे तो जागा झाला. फ्रिजमध्ये १९ अंश तापमान होते. साठ कालवडींसाठी आणलेली लस मला टाकून द्यावी लागली आणि त्या कुटुंबाला सगळा कळप पुढच्या आठवड्यात पुन्हा गोळा करावा लागला. धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात तसे झाले. तळाशी शंभर किलोवॉट-तासांहून मोठी बॅटरी होती, आणि सरासरी तीस वॉट खाणारा फ्रिज त्या वाहनाला निपचित करून गेला.

नंतर वाचून जे समजले ते असे. ट्रक उभा करून ठेवल्यावर काही वेळाने झोपी जातो, मुख्य बॅटरीचे कॉन्टॅक्टर (तिला ट्रकशी जोडणारे मोठे विद्युत स्विच) उघडतात आणि तिचा बाकीच्या ट्रकशी संबंध तुटतो. मग फ्रिजचा सगळा भार १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर येतो. माझी ती बॅटरी सुमारे ५० अँपिअर-तासांची आहे. जुलैच्या उकाड्यात बंद पेटीतला कॉम्प्रेसर निम्मा वेळ चालतो असे धरले, तर तासाला अडीच अँपिअर-तास आणि बारा तासांत ३० अँपिअर-तास होतात. ट्रकची स्वतःची पहारा देणारी उपकरणे वेगळीच. बॅटरी संपली की कॉन्टॅक्टर पुन्हा जोडायलाही वीज उरत नाही, आणि भरलेली मोठी बॅटरी तिथेच अडकून पडते.

माझे प्रश्न असे आहेत. फ्रिजची वायर कुठून घ्यावी, म्हणजे ट्रकही मरणार नाही आणि लसही? ट्रक जागा राहावा म्हणून हौद्यातील सॉकेट रात्रभर चालू ठेवून पाहिले, तर सकाळपर्यंत मुख्य बॅटरी तीन टक्के उतरली. हा खर्च मला मान्य आहे, पण सॉकेट चालू करायला विसरले तर पुन्हा तीच अवस्था. एक सहकारी म्हणतो की १२ व्होल्टची पद्धतच कालबाह्य आहे, २०२३ च्या नोव्हेंबरअखेर ग्राहकांना मिळू लागलेल्या टेस्लाच्या सायबरट्रकमध्ये ती ४८ व्होल्ट केली आहे, तसा ट्रक घेतला की प्रश्न मिटेल. फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंग या विद्युत ट्रकमधून ९.६ आणि शेवरलेच्या सिल्व्हराडो ईव्हीमधून १०.२ किलोवॉटपर्यंत वीज बाहेर काढता येते हेही वाचले. पण हे मोठे आकडे माझ्या फ्रिजच्या कामी कसे येतील ते कळत नाही. आणखी एकाने सुचवले की मुख्य बॅटरीची उच्च व्होल्टेजची वीज नेणाऱ्या नारिंगी केबलमधूनच छोटा कन्व्हर्टर जोडून घ्यावा. हे ऐकूनच भीती वाटली, तरी विचारून ठेवते. शेवटचे म्हणजे पाण्याचा हीटर सॉकेटचे संरक्षण (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) अधूनमधून पाडतो. जमीन ओली असते आणि गाय जवळ उभी असते, म्हणून ते संरक्षण बाजूला करण्याची माझी तयारी नाही. दोन-चार व्होल्टांची गळतीदेखील गाईला जाणवते आणि ती पाणी पिणे सोडते, हे मी गोठ्यांमध्ये पाहिले आहे.

प्रतिसाद १

ताई, मी डेट्रॉइटजवळ वाहनांच्या विद्युत मांडणीवर काम करतो. तुमचे निदान बरोबर आहे. मात्र तुमच्या सहकाऱ्याने दोन वेगळे प्रश्न एकत्र केले आहेत, ते आधी सोडवू या. व्होल्टेज वाढवल्याने तारेतले नुकसान कमी होते. ट्रक झोपल्यावर कोण जागे राहणार, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

तुमचाच भार घ्या. ६०० वॉट, हौद्यापर्यंत जाऊन-येऊन दहा मीटर वायर, आणि वायर ६ गेजची, म्हणजे सुमारे १३ चौरस मिलिमीटरची. १२ व्होल्टवर ५० अँपिअर वाहिले की त्या वायरमध्ये ०.६५ व्होल्ट पडतात आणि ३२ वॉट नुसते वायर तापवण्यात जातात. ४८ व्होल्टवर प्रवाह साडेबारा अँपिअर होतो, आणि नुकसान प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे घटत असल्याने सोळावा हिस्सा, म्हणजे दोनच वॉट उरते. तांबे वाचते, वजन वाचते, म्हणून उत्पादक तिकडे वळत आहेत. अमेरिकी पिकअपमध्ये हा प्रयत्न नवाही नाही. २००४ च्या सुमारास सिल्व्हराडोच्या संकरित (हायब्रिड) आवृत्तीत ४२ व्होल्टची व्यवस्था आणि १२० व्होल्टची सॉकेट होती. ४८ वर थांबण्याचे कारण सुरक्षिततेचे आहे. वाहनांच्या मानकांत एकदिश प्रवाहासाठी ६० व्होल्ट ही सीमा मानतात. तिच्या खाली साधी वायर चालते, तिच्या वर नारिंगी आवरण, इंटरलॉक (जोड उघडताच वीज तोडणारी व्यवस्था) आणि इन्सुलेशनवर सतत पहारा लागतो.

यातच नारिंगी केबलचे उत्तर आले. तिला हात लावायचा नाही आणि कुणाला लावू द्यायचा नाही. माझे हे मत नुसत्या सावधगिरीचे नाही. त्या व्यवस्थेचे धन आणि ऋण हे दोन्ही ध्रुव चासीपासून पूर्ण अलग ठेवलेले असतात आणि ट्रक त्या अलगपणाची सतत मोजणी करत असतो. बाहेरचा कन्व्हर्टर जोडला की ही मोजणी बिघडू शकते, आणि मग ट्रक दोष दाखवून चालायचे नाकारेल. त्याहून वाईट म्हणजे, दोष न दाखवता चारशे व्होल्ट तुमच्या ओल्या पेटीपर्यंत आलेले असतील.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा आहे. फ्रिजला त्याची स्वतःची बॅटरी द्या. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी १२८० वॉट-तास साठवते. त्यातले ८० टक्के वापरले तरी तीस वॉटचा फ्रिज ३४ तास चालतो. ही बॅटरी हौद्यातील १२० व्होल्टच्या सॉकेटवरून २० अँपिअरच्या चार्जरने भरा. दिवसभराच्या फेरीत ती आरामात भरेल. वीज दोनदा रूपांतरित होण्यात थोडे नुकसान आहे, पण मुख्य बॅटरीच्या मानाने ते नगण्य आहे, आणि तुमचा ट्रक व फ्रिज यांचा १२ व्होल्टच्या बाजूने काहीही संबंध उरत नाही. सॉकेट चालू करायला एक दिवस विसरलात तरी लस सुरक्षित राहील.

ट्रकच्या १२ व्होल्टवरूनच बॅटरी भरायची असेल, तर व्होल्टेज पाहून जोडणारा साधा रिले वापरू नका. डिझेल गाडीत इंजिन चालू झाले की अल्टरनेटर व्होल्टेज वर नेतो, त्या खुणेवर तो रिले चालतो. विद्युत वाहनात हे काम मुख्य बॅटरीच्या विजेचे १२ व्होल्ट करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर करतो आणि वीज वाचवण्यासाठी तो व्होल्टेज खाली-वर करतो, त्यामुळे रिलेची फसगत होते. तिथे बॅटरी-ते-बॅटरी चार्जर आणि ट्रक सुरू असतानाच वीज येणाऱ्या सर्किटची संकेत-वायर लागते. ऋण वायर थेट बॅटरीच्या टोकाला न लावता चासीवरच्या ठरवून दिलेल्या जागी लावा, कारण त्या टोकावर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो आणि त्याला वळसा घातला की ट्रकचा हिशेब चुकतो.

हीटरबद्दल सांगायचे तर, इथले संरक्षण सुमारे ५ मिलिअँपिअर गळतीवर पडते. भारतात घरोघरी जे आरसीसीबी (गळतीवर वीज तोडणारा स्विच) बसवतात ते बहुधा ३० मिलिअँपिअरचे असते, म्हणून तिकडे खपून जाणारा हीटर इकडे खपत नाही. तुमच्या हीटरच्या कॉइलमध्ये दमटपणा शिरला असावा. घरातील तशाच संरक्षित सॉकेटवर लावून पाहा. तिथेही पडला तर दोष हीटरचा आहे आणि तो बदलावाच लागेल.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, इतके सविस्तर लिहिलेत, मनापासून आभार. हीटर घरच्या स्नानघरातील सॉकेटवर लावला आणि तिसऱ्या मिनिटाला संरक्षण पडले, म्हणजे दोष त्याचाच आहे. एक शंका राहिली. पुढेमागे ४८ व्होल्टचा ट्रक घेतला तर माझे दिवे, पंप आणि फ्रिज सगळे १२ व्होल्टचेच असतील. तेव्हा हे सगळे नव्याने घ्यावे लागेल का?

प्रतिसाद २

ताई, नमस्कार नागपूरहून. इथे माझे ई-रिक्षांच्या दुरुस्तीचे दुकान आहे. तुमचा ट्रक मी पाहिलेला नाही, पण ४८ व्होल्टवर १२ व्होल्टची उपकरणे चालवणे हे आमचे रोजचे काम आहे, म्हणून लिहितो.

बहुतेक ई-रिक्षांत १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकामागे एक जोडून ४८ व्होल्ट करतात. दिवे, हॉर्न आणि गाण्यांचा डबा १२ वर चालतो, त्यासाठी ४८ चे १२ करणारा कन्व्हर्टर येतो. काही जण पैसे वाचवण्यासाठी तो कन्व्हर्टर काढून चारपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टची वायर ओढतात. दिवे लागतात, गिऱ्हाईक खूश होते, आणि चार-सहा महिन्यांत तीच एक बॅटरी मरते, कारण ती रोज इतर तिघींपेक्षा जास्त उतरते आणि चार्जिंग मात्र चौघींचे एकत्रच होते. मग उरलेल्या तिघीही तिच्यामागे जातात. असा सल्ला तुम्हाला कोणी दिला तर ऐकू नका. कन्व्हर्टरच घ्या. अमेरिकेत गोल्फच्या गाड्या ४८ व्होल्टच्या पुष्कळ असतात असे ऐकतो, त्यांच्या सामानात तो मिळेल. तुमच्या ६०० वॉटसाठी निदान ७५० वॉटचा बघा, आणि उपकरणे तीच ठेवा.

दुसरी गोष्ट फ्यूजची. गाडीतले नेहमीचे पात्यांचे फ्यूज ३२ व्होल्टपर्यंतचे असतात. ते ४८ वर लावले तर वितळल्यावरही आतली ठिणगी लवकर विझत नाही आणि प्रवाह चालूच राहतो. ५८ व्होल्टचे फ्यूज वेगळे मिळतात. स्विच आणि रिलेचेही तसेच आहे. १२ व्होल्टचा रिले ४८ वर उघडताना त्याची टोके चिकटलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहेत. वस्तूवर छापलेला व्होल्ट वाचल्याशिवाय काही बसवू नका.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी पेटीच्या आतल्या, उन्हापासून दूरच्या कोपऱ्यात बसवून घेतली. फ्रिजची ट्रकच्या १२ व्होल्टवर जाणारी जुनी वायर पूर्ण काढून टाकली आहे. दिवे आणि पंप सध्या ट्रकवरच ठेवले, कारण ते मी ट्रक जागा असतानाच वापरते. पहिली चाचणी मुद्दाम घरी केली. चार्जर बंद ठेवला, ट्रकला हात लावला नाही, आणि शुक्रवारी सायंकाळी सहा ते रविवारी सकाळी सहा असे ३६ तास फ्रिज चालू ठेवला. बाहेर दुपारी ३५ अंश तापमान होते. तापमान नोंदवणाऱ्या यंत्रात कमीत कमी ३.१ आणि जास्तीत जास्त ५.४ अंश दिसले, आणि बॅटरीत २२ टक्के शिल्लक होते.

एक काळजी मी स्वतःहून घेतली आहे. शून्याखाली ही बॅटरी चार्ज करू नये असे तिच्या पुस्तिकेत लिहिले आहे, आणि २०२१ सारखी थंडी इथे पुन्हा पडू शकते. म्हणून थंडीत चार्जिंग आपोआप थांबवणारी बॅटरी निवडली. नवा हीटर आणला आहे. काल रात्री एका कुरणावर त्यानेच पाणी तापवले, संरक्षण पडले नाही, आणि वासरू पाय मागे अडकलेले असूनही जिवंत बाहेर आले.