भावाचं व्यसन सुटायला झाडपाल्याचं खात्रीचं औषध हवंय, तातडीने

मोगरा: धाकटा भाऊ परवापासून घरातच आहे. घाम, अंगदुखी, जुलाब, रात्रभर येरझाऱ्या. मावशी म्हणते गोव्यात सत्तरी तालुक्यात एक वैद्य जेवणातून द्यायची पूड देतात. त्याला न कळता दिली तर चालेल ना? सरकारी दवाखाना सुचवू नका, पोलीस केस होते.

डिचोलीकर: व्यसन कसलं? दारू, गांजा?

रानमाया: अश्वगंधा चूर्ण कोमट दुधातून द्या. माझ्या दिरांना छान झोप लागायला लागली.

डिचोलीकर: दिरांना काय होतं?

रानमाया: तंबाखू. पण गुण आला.

अण्णा_पेडणे: हणजूण-वागातोरच्या पार्ट्या बंद करा, सगळं आपोआप थांबेल. आमच्या वेळी उर्राकपलीकडे, म्हणजे काजूच्या दारूपलीकडे, काही नव्हतं.

भटक्या: थायलंडला थाम क्राबोक मठात काढा पाजून उलट्या करवतात. परदेशातून लोक जातात तिथे.

वैद्य_फोंडा: जुलाब होणाऱ्याला वर उलट्या? अंगातलं पाणी किती जाईल! ताई, लपवून काहीही देऊ नका. पुडीत डायसल्फिराम (दारू सोडवायची गोळी) असेल आणि तो वर दारू प्यायला, तर जिवावर बेतेल. मी स्वतः आयुर्वेदवाला आहे, म्हणून कळकळीने सांगतो. कामिनी विद्रावण रस या आयुर्वेदिक औषधात अफू असते. त्याने आराम पडतो तो व्यसनच चालू राहतं म्हणून. नेमकं काय घेतो?

मोगरा: ब्राऊन शुगर. लिहायची लाज वाटत होती.

वैद्य_फोंडा: म्हणजे अफूपासूनचं हेरॉइन. मग हे दिवस सर्वांत कठीण. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास टोकाला जातो. बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात, न्या. तिथले डॉक्टर बुप्रेनॉर्फिनसारखं, हेरॉइनची तलफ आणि त्रास कमी करणारं औषध द्यायचं का ते ठरवतील. आपणहून उपचार घेऊन ते पूर्ण करणाऱ्याला एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या ६४अ कलमाने सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण आहे. आणि मध्ये खंड पडल्यावर जुन्याच मात्रेने घेतलं तर श्वास थांबू शकतो, हे त्याला स्पष्ट सांगा.

रानमाया: अश्वगंधेने काय बिघडतं पण?

वैद्य_फोंडा: झोपेच्या गोळ्या चालू झाल्या तर गुंगी वाढते. नंतर, डॉक्टरांना विचारून.

मोगरा: तो यायला तयार नाही.

डिचोलीकर: १४४४६ लावा, व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. त्यालाच बोलू द्या.

मोगरा: लावते. मावशी पूड घेऊन आलीय. फेकून देऊ?

वैद्य_फोंडा: नको, बरोबर न्या, डॉक्टरांना दाखवा. शेवटचं कधी घेतलं तेही त्याला विचारून ठेवा. बुप्रेनॉर्फिन कधी सुरू करायचं ते त्यावरच ठरतं.