आईचं वजन, मधुमेह आणि आठवड्याचं इंजेक्शन: घरातले अनुभव हवे आहेत

नमस्कार. आई ५८ वर्षांची, सांगलीत असते. उंची १५२ सेंमी, वजन ८४ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३६ च्या वर. आपल्याकडे २५ पासूनच लठ्ठपणा धरतात. मधुमेह जुना, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या साखरेच्या गोळ्या चालू. थायरॉइड नॉर्मल. गुडघे इतके दुखतात की जिना उतरताना कठडा धरून, एका बाजूला वळून एकेक पायरी उतरते.

"चाला आणि भात सोडा" एवढंच तिला वर्षानुवर्षं ऐकवलं जातंय. (भात ती मुळात फारसा खातच नाही.) दिवाळीत गेले तेव्हा तिचं खाणं नीट पाहिलं. सकाळी चहा-खारी. मग सगळ्यांची जेवणं उरकल्यावर दुपारी दोनला ओट्यापाशी उभ्याउभ्या उरलंसुरलं: पातेल्याच्या तळाची आमटी, नातवाने अर्धवट टाकलेली पोळी, दोन चमचे शिरा. स्वतःचं ताट वाढून घेतच नाही, त्यामुळे "मी काय खाते गं एवढं?" हे ती अगदी मनापासून विचारते. चतुर्थी-एकादशीला साबुदाणा. उसळ, दही तिच्या वाट्याला क्वचितच येतं. तिला आळशी म्हणणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो, पहाटे पाचपासून ती कामाला जुंपलेली असते.

आता नव्या डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकून घेऊन टिर्झेपटाइड (मौंजारो) हे साखर आणि भूक कमी करणारं, आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुचवलंय. ग्लिमेपिराइडने वजन वाढतं आणि या इंजेक्शनसोबत ती गोळी असेल तर साखर फार खाली जाऊ शकते, असं कळलं. तुमच्याकडे कोणाची गोळी कमी केली का, आणि सुरुवातीचे दिवस कसे गेले? या औषधाने होणाऱ्या मळमळीमुळे जेवणच तुटलं तर आईचं अवघड होईल, कारण चरबीबरोबर स्नायूही झडतात. दुखऱ्या गुडघ्यांना झेपेल असा ताकदीचा व्यायाम कोणी घरी करून घेतलाय का? अंडी ती खात नाही, तर पुरेशी प्रथिनं कशातून दिलीत?

खर्चाचंही सांगा. औषध थांबवलं की बरंचसं वजन परत येतं, म्हणजे हे लांबचं काम आहे आणि घर बाबांच्या पेन्शनवर चालतं. याच वयात बॅरिॲट्रिक (वजन कमी करण्यासाठी पोटाची) शस्त्रक्रिया केलेलं कोणी असेल तर त्यांचंही ऐकायचंय.

डोस डॉक्टरच ठरवतील. पावडरी आणि डिटॉक्सचे सल्ले कृपया नकोत. पुढच्या आठवड्यात परत दाखवायला जायचंय, त्याआधी कोणी लिहिलं तर फार मदत होईल.