मदत हवी आहे: पुठ्ठ्यावरच्या वारली चित्रांचा पांढरा रंग सुटतो
माझी 8 व 5 वर्षांची मुले घरी खोक्यांच्या पुठ्ठ्यावर वारली चित्रे काढत आहेत. गेरू कालवून त्याचे दोन हात दिले, तांदळाचे पीठ पाण्यात भिजवून पांढरा रंग केला आणि बांबूच्या काडीचे टोक ठेचून कुंचला केला. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवतीचा नाच सुरेख उतरला, पण वाळल्यावर माणसांची त्रिकोणी अंगे पापुद्र्यांसारखी गळून पडली. पीठ पातळ केल्यास ते गेरूत मिसळून गुलाबी होते. घर भाड्याचे असल्याने भिंत वापरता येत नाही, आणि धाकटा बोटे तोंडात घालतो, म्हणून ऑइल पेंट वा वार्निश नको. पारंपरिक रंगात डिंक घालतात. तर वाटीभर पिठाला खाण्याचा डिंक किती घ्यावा, आणि तो गेरूतही मिसळावा का?