क्योतोत जमलेली दाशी खानापुरात का बिघडली?

प्रश्न (खानापूर) :
गेले सात महिने मी जपानमधील क्योतोतील एका लहान उपाहारगृहात स्वयंपाक शिकत आहे. पहिले चार महिने तांदूळ धुणे आणि मुळ्याची कागदासारखी अखंड पट्टी सोलणे, म्हणजे कात्सुरामुकी, एवढेच काम होते. पट्टी तुटली की गुरुजी ती उजेडात धरून पाहतात आणि काही न बोलता पुढचा मुळा समोर ठेवतात. अखेर दाशी, म्हणजे जपानी स्वयंपाकातले पायाभूत पातळ सार, करू दिली : कोम्बू हे समुद्री शेवाळ सुमारे 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचे, उकळी येण्याआधी काढायचे, मग कात्सुओबुशीचे, म्हणजे वाळवलेल्या माशाचे, पापुद्रे टाकून न पिळता गाळायचे. तिथे ती जमली. सुट्टीत गावी त्याच कोम्बूची केली, तर मचूळ लागली. गुरुजींना फोन केला, तर “नीट पाहिले नाहीस” एवढेच उत्तर मिळाले. पुन्हा विचारणे उद्धटपणाचे ठरेल का?

उत्तर (शहापूर, बेळगाव) :
घरी बोअरवेलचे पाणी वापरता का? क्योतोचे पाणी मृदू, म्हणजे कमी क्षारांचे, आहे. जड, म्हणजे जास्त क्षारांच्या, पाण्यातील कॅल्शियममुळे कोम्बूचा रस नीट उतरत नाही. कोम्बूच्या चवीचे मूळ ग्लुटामेट या घटकात असल्याचे जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये दाखवले. तेच पाण्यात उतरले नाही, तर उरते ते कोमट पाणी. आपल्याकडची परीक्षा सोपी आहे : ज्या पाण्यात तूरडाळ शिजायला वेळ घेते, त्यात दाशी करू नये.

उत्तर (निपाणी) :
पाण्याचे पटते, पण गुरुजींचे मौन मला तितकेसे थोर वाटत नाही. माझी आत्याही मांडे शिकवताना प्रमाण सांगत नसे, मात्र विचारले की कणकेचा गोळा हातात देऊन “हे एवढे सैल” असे दाखवत असे. पालथ्या कढईवर मांडा फाटल्यावर ती ओरडायची, तरी कशाने फाटला हे कळायचे. “काय चुकले” असे मोघम न विचारता “पाणी जड होते का” असे विचारा; स्वतः शोधलेले कारण घेऊन आलेल्या शिष्याला उद्धट कोण म्हणेल?

प्रश्नकर्ता :
आमच्याकडे डाळीला खरोखरच जास्त शिट्ट्या लागतात. आज कमी क्षारांच्या बाटलीबंद पाण्यात करून पाहिली. वास उघडला, चवही पुष्कळ जवळ आली. आईने मात्र त्यात मीठ घातलेच. गुरुजींना तसे पत्राने कळवले आहे.