२०० मिमीची दुर्बीण परदेशी पाठवायची आहे, आरसा धड पोहोचावा म्हणून काय करू?

अर्धीरात्र

नमस्कार मंडळी. माझी २०० मिमी, एफ/६ (नाभीय अंतर व्यासाच्या सहापट) न्यूटोनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण विकतोय. घेणारे गृहस्थ परदेशात असतात. शनीच्या कड्यांचे माझे फोटो बघून त्यांनीच विचारणा केली. मग मी व्हिडिओ कॉलवर एका ताऱ्याची फोकसच्या आतली आणि बाहेरची वलयं दाखवली. दोन्हीकडची सारखी दिसली, म्हणजे आरसा चांगला, आणि तिथेच सौदा ठरला.

माझा जीव अडकलाय तो आरशात. हाताने घासलेला आरसा आहे आणि ज्यांनी घासला त्यांनी हे काम आता थांबवलंय. वाटेत फुटला तर नुकसानभरपाई मिळेलही, पण हा आरसा काही परत मिळायचा नाही.

सध्याचा बेत असा: नळी आहे तशी बबल रॅपमध्ये गुंडाळायची, खोक्यात घालायची, सगळीकडे 'फ्रॅजाइल'चे स्टिकर लावायचे. खोका होतो १३५ × ४० × ४० सेंमी. वजन जेमतेम १४ किलो भरतं, पण कुरियरवाले ४३ किलोचं भाडं सांगतायत. हे कसं काय? शिवाय घेणाऱ्यांचा आग्रह आहे की कस्टमच्या कागदावर 'भेटवस्तू' लिहा आणि किंमत कमी दाखवा. ते करावं का? गो-टू हँडसेटसोबत (दुर्बीण आपोआप ताऱ्याकडे वळवणारा रिमोट) माझा लिथियम बॅटरी पॅकही द्यायचा ठरलाय.

काचघाश्या

आरसा नळीत ठेवून पाठवू नका. बाकी काही जमलं नाही तरी चालेल, एवढं मात्र कराच.

नळीत आरसा तीन क्लिपांवर तोललेला असतो. त्या क्लिपा आरसा जागेवर राहावा यासाठी असतात, धक्के सोसायला नव्हे. खोका उभा आपटला की क्लिपा वाकतात, आरसा सुटतो आणि नळीभर घरंगळत जाऊन दुय्यम आरशावर (नळीच्या तोंडाशी असलेल्या छोट्या आरशावर) आदळतो. बाहेरून खोक्यावर ओरखडासुद्धा नसतो. मी आरसे घासतो, त्यामुळे दुरुस्तीला आलेले असे तुकडे हाताळलेत. बाहेरच्या मारापेक्षा आतली जड वस्तू सैल असण्यानेच जास्त नासधूस होते.

हिशेब करून बघा. २०० मिमी व्यासाची, २५ मिमी जाडीची पायरेक्सची चकती साधारण पावणेदोन किलोची. खोका एक मीटरवरून पडला आणि आतल्या वस्तूला थांबायला एकच सेंटीमीटर मिळाला, तर तिच्यावर स्वतःच्या वजनाच्या सुमारे १०० पट जोर येतो, म्हणजे १७५ किलो. थांबायला ४ सेंटीमीटर मिळाले तर तोच जोर २५ पटींवर, ४४ किलोंच्या आसपास येतो. पॅकिंगचं सगळं शास्त्र या थांबायच्या अंतरात आहे. फोम साधारण निम्मा दबतो, म्हणून ४ सेंटीमीटर हवे असतील तर फोम ८ सेंटीमीटर तरी हवा. बबल रॅपचे दोन वेढे इथे कुठेच पुरत नाहीत. त्यातली हवा हळूहळू निघून जाते आणि प्रवासाच्या शेवटी नुसतं प्लास्टिक उरतं.

पण फोम जाड आहे म्हणून सगळ्या तळाला अंथरू नका, इथे भल्याभल्यांची फसगत होते. दोन-तीन किलोंच्या वस्तूखाली भरगच्च फोम घातला तर तो दबतच नाही, लाकडासारखा वागतो. आतल्या खोक्याच्या आठ कोपऱ्यांवर फोमचे ठोकळे बसवा आणि मधली जागा मोकळी सोडा. पडल्यावर ते ठोकळे दबले पाहिजेत. शेंगदाण्यासारखे थर्माकोलचे दाणे मिळतात ते आरशाला वापरूच नका. प्रवासातल्या थरथरीने जड वस्तू त्यातून खाली सरकत जाते आणि शेवटी तळाला टेकते.

आरसा बसवायची माझी पद्धत सांगतो. आरसा सेलमधूनही, म्हणजे तो ज्या बैठकीत बसवलेला असतो तिच्यातूनही काढायचा. पांढऱ्या ईपीई फोमचा २५ मिमी जाडीचा चौकोन घेऊन त्यात आरशाच्या मापाचं भोक कापायचं. आरसा किंचित दाबून बसला पाहिजे, ढिला नको. खाली अख्खा थर. वरच्या थराला आरशाच्या व्यासापेक्षा एक सेंटीमीटरने लहान भोक, म्हणजे फोम फक्त कडेच्या पाच मिलिमीटर पट्टीवर टेकतो आणि मुलाम्याला काहीच लागत नाही. तो ॲल्युमिनियमचा थर १०० नॅनोमीटरच्या आसपास असतो. प्रवासभर त्यावर काही घासत राहिलं तर तो खराब व्हायला वेळ लागत नाही. मग दोन्ही बाजूंनी पातळ प्लायवूड, त्याला आडव्या-उभ्या पट्ट्या. हे सगळं सिलिका जेलची पुडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करायचं. पिशवी आतल्या खोक्यात, आणि तो सात पदरी बाहेरच्या खोक्यात. घेणाऱ्यांना आधीच कळवा: पार्सल आल्यावर पिशवी लगेच फोडू नये, ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. थंडगार काच दमट हवेत उघडली की तिच्यावर पाणी धरतं.

दुय्यम आरसा त्याच्या धारकावर सिलिकॉनने चिकटवलेला असतो. तो सोडवू नका. मधला बोल्ट काढून धारकासकट बाजूला करा आणि वेगळा गुंडाळा. स्प्रिंगा, स्क्रू, फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) वेगवेगळ्या पिशव्यांत घालून वर नावं लिहा. स्टिकर हवे तर लावा, पण कुरियरच्या सरकत्या पट्ट्यावरचं यंत्र ते वाचत नाही.

उत्तरायण

पॅकिंगचं वर आलंच आहे, मी कागदांचं बोलतो. या कामात बरीच वर्षं गेली आहेत.

४३ किलो हे आकारमानाचं वजन. लांबी × रुंदी × उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००. तुमचा खोका २,१६,००० घन सेंमी, म्हणजे ४३.२ किलो. खरं वजन आणि हे, यांतलं जे जास्त त्याचं भाडं. आरशाचं ४५ × ४५ × ३० चं पार्सल वेगळं केलंत तर त्याचं हेच वजन १२ किलोंच्या थोडं वर येतं. महागडं सगळं रिकाम्या नळीमुळे होतंय.

'भेटवस्तू' लिहू नका. विक्री आहे तर विक्रीच लिहायची, 'वापरलेली' असं स्पष्ट म्हणायचं आणि ठरलेली किंमत टाकायची. कायद्याचा भाग आहेच, पण आरसा फुटला तर भरपाई तुम्ही दाखवलेल्या किमतीच्या पुढे जात नाही. इतक्या जपून गुंडाळलेल्या वस्तूची किंमत कागदावर आपणच पाडायची? घेणाऱ्यांना हे नीट समजावून सांगा. कर त्यांना भरायचाय, त्यामुळे तो किती येईल हे त्यांनी तिकडे आधीच विचारून घ्यावं. दुर्बिणीसाठी एचएस कोड (कस्टममध्ये मालाचा प्रकार सांगणारा आकडा) ९००५.८०, सुट्या भागांसाठी ९००५.९०. हे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात. टपालाने पाठवणार असाल तर सीएन२३ हा कस्टमचा फॉर्म भरा आणि दोन पार्सलं केलीत तर दोन्हींवर 'दोनपैकी एक', 'दोनपैकी दोन' लिहा.

विमा स्वतंत्र घ्या. आंतरराष्ट्रीय हवाई मालासाठी माँट्रियल करार लागू असतो, त्यात वाहतूकदाराची जबाबदारी वजनावर ठरते: २८ डिसेंबर २०२४ पासून किलोमागे २६ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक). जास्तीचं मूल्य आधी जाहीर करून त्याचे पैसे भरले नसतील तर त्यापुढे काही मिळत नाही. हलक्या पण मौल्यवान काचेला हे अजिबात परवडत नाही. विम्याच्या अटींत 'काच वगळून' असं कलम आहे का तेही बघा, बऱ्याच ठिकाणी असतं. नुकसानीची लेखी तक्रार त्या कराराप्रमाणे माल मिळाल्यापासून १४ दिवसांत करावी लागते. कंपन्यांच्या स्वतःच्या मुदती याहून कमी असू शकतात. टपालाला हा करार लागू नाही, त्यांचे नियम वेगळे.

बॅटरी पॅक सौद्यातून काढा. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत. त्या एका वस्तूपायी सगळं पार्सल अडकून पडेल. पॅक तिकडेही मिळतो.

प्लायवूड वापरलंत तर हरकत नाही. कच्च्या लाकडाची पेटी केलीत तर आयएसपीएम-१५ चा (लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये म्हणून असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का लागतो: लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं हवं.

अर्धीरात्र

दोघांचेही मनापासून आभार. घेणाऱ्यांशी बोललो. खरी किंमत दाखवायला तयार झाले आणि बॅटरीही नको म्हणाले. नळीचं अजून ठरत नाहीये. भाडं ऐकून ते म्हणतात, नळी ठेवून घ्या, मी इथे बांधून घेईन. पण सेल, स्पायडर (दुय्यम आरसा धरणाऱ्या पात्यांची चौकट) आणि फोकसर (नेत्रिका पुढेमागे सरकवणारा भाग) हवेत. मला जरा जिवावर येतंय. इतकी वर्षं एकत्र असलेलं यंत्र असं सुटं करून पाठवणं योग्य आहे का?

काचघाश्या

द्या तसंच. दुर्बीण म्हणजे आरसा. नळी त्याला धरून ठेवते इतकंच. त्यांना नळी बांधता येत असेल तर आरशाला चांगलंच घर मिळेल.

फक्त आरसा सेलमधून काढण्याआधी एक करा. आरशाच्या कडेवर आणि सेलवर समोरासमोर पेन्सिलीची खूण करा, म्हणजे तुमच्याकडे जसा बसला होता तसाच तिकडे बसेल. स्पायडरच्या पात्यांपासून आरशापर्यंतचं अंतर आणि फोकसरच्या मध्यापासून आरशापर्यंतचं अंतर मोजून कळवा. नळी बांधताना त्यांना ही दोन मापं लागतीलच. क्लिपांबद्दलही सांगा: आरसा आणि क्लिप यांच्यात कागद जेमतेम सरकेल एवढी फट ठेवायची. आवळल्या तर तुम्ही दाखवलेली ती वलयं तिकोनी दिसतील आणि त्यांना वाटेल आरसाच वाईट आला.

फोम कापून झाला की फोटो टाका. भोक ढिलं झालंय का ते बघून सांगतो.