चेहरा उतरलाय: पार्लर की डॉक्टर? (महिला मंडळ ग्रुप)

ए-३०२: सिंहगड रोडच्या बाजूला स्किनचा चांगला डॉक्टर कोणी सुचवेल का? धाकटी दीड वर्षाची झाली, तरी ऑफिसात रोज कोणीतरी विचारतं, बरं नाहीये का म्हणून. चेहऱ्यावर तजेलाच नाही. गालांवर तपकिरी डागही आलेत. पार्लरवाली सहा सिटिंगचं पॅकेज सांगतेय, साडेआठ हजार.

बी-५०४: दोन पोरं, नोकरी, रात्री तीनदा उठणं. तजेला येणार कुठून! आमचे चेहरे बघ जरा.

सी-१०३ काकू: साडेआठ हजार?? डाळीचं पीठ, साय, चिमूटभर हळद. आठवड्यातून दोनदा.

ए-३०२: काकू, पीठ वाळेपर्यंत धाकटी बाथरूमचं दार तोडते.

बी-२०१: मी एक ट्यूब लावायचे, पंधरा दिवसांत लख्ख उजळले होते. मेडिकलमध्ये सहज मिळते. नाव पर्सनलवर टाकते.

डी-४०१ मेडिकलवाल्या ताई: नाव टाकू नका, प्लीज. ती बहुतेक तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब असणार: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड. डॉक्टर ती ठरावीक दिवसांसाठी देतात. आपल्याकडे मात्र नणंदेची ट्यूब भावजय लावते आणि दोघी वर्षभर लावतात. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाली येते, पुरळ उठतं, लव वाढते. थांबवलं की भडका, म्हणून परत लावायची. २०१८ पासून चेहऱ्याला सर्रास फासल्या जाणाऱ्या बऱ्याच स्टेरॉइड मलमांना डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची आहे. तरी काउंटरवर रोज कोणीतरी रिकामी ट्यूब दाखवून ‘हीच द्या’ म्हणतं. मी देत नाही, मग पुढच्या दुकानात जातात.

बी-२०१: अगं बाई. म्हणून गाल उन्हात चुरचुरतात का माझे?

डी-४०१: असू शकतं. आता परत लावू नका, डॉक्टरांना दाखवा आणि ट्यूबही सोबत न्या.

सी-६०२: बी विंगसमोर पांढरी गाडी कोणाची? घंटागाडी अडकलीये.

बी-५०४: आमची. हे खाली येतायत.

ए-३०२: ताई, मग मी काय करू? बाळ अजून रात्री अंगावर पितंय.

डी-४०१: ते डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा. हायड्रोक्विनोन त्वचेतून बऱ्यापैकी आत शोषलं जातं, म्हणून दूध पाजताना सहसा टाळतात. अॅझेलिक अॅसिडसारखे पर्याय असतात, पण ते त्यांना ठरवू दे. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा. गालावरचे डाग वांग असतील तर या गोळ्यांनी वाढू शकतात. गरोदरपणात सुरू झालेलं वांग बाळंतपणानंतर आपोआप जातंच असंही नाही.

पण मला विचाराल तर क्रीमच्या आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड, बी१२. चेहरा फिका पडलाय आणि जिना चढताना दम लागतोय, तर त्याला फेशियल काय करणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी निघालं. म्हणजे आपल्या ग्रुपातही असणारच. बाळंतपणानंतरच्या वर्षात काहींचं थायरॉइड बिघडतं, आणि तो थकवा झोपेच्या नावावर खपून जातो.

बी-५०४: मला जिन्यात दम लागतो. मी वजनावर ढकलत होते.

सी-१०३ काकू: लिफ्ट दुरुस्त करा म्हणून मी कधीची सांगतेय.

डी-४०१: डॉक्टर निवडताना पाटी वाचा. ‘स्किन अँड लेझर क्लिनिक’ कोणीही लिहितं. नावापुढे त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा हवा, आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. पैशांचा प्रश्न असेल तर ससून या सरकारी हॉस्पिटलचा त्वचा विभाग आहेच. तिथे फक्त खरूज-नायटेवालेच जातात असं लोकांना उगाच वाटतं. रांग असते, एवढंच.

ए-३०२: आणि पार्लर?

डी-४०१: तासभर कोणी पोरांना सांभाळत असेल तर खुशाल जा, डोकं शांत होतं. डागांवर ब्लीच तेवढं नको. सनस्क्रीन मात्र आजपासून लावा, एसपीएफ ३० किंवा जास्त, दोन बोटांवर रेघ ओढून पूर्ण चेहऱ्याला. थेंबभर लावून उपयोग नाही. स्कूलबसला उभं राहता, गॅलरीत कपडे वाळत घालता, तेही ऊनच. रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडवालं मिळालं तर वांगाला जास्त चांगलं.

(पुढचा शनिवार)

ए-३०२: रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन ९.४, फेरिटिन खूपच कमी, थायरॉइड ठीक. डॉक्टर म्हणाल्या, डाग वांगाचेच आहेत. लोहाच्या गोळ्या आणि सनस्क्रीन सुरू, क्रीमचं दोन महिन्यांनी बघू. पार्लरवालीला नाही म्हणून कळवलं.

डी-४०१: छान. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको. लिंबूपाण्याबरोबर घ्या. पोट जड वाटलं तर स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

ए-३०२: चहा नको?? सकाळी सहाला उठून मी जगते कशावर!

डी-४०१: मग गोळी दुपारी, जेवणाच्या आधी.

सी-१०३ काकू: अळीवाचे लाडू करते उद्या.

ए-३०२: काकू, बाळंतपण होऊन दीड वर्ष झालं!

सी-१०३ काकू: लाडवांना तारीख लागत नाही. बी-५०४, तुलाही देते. पण आधी रक्त तपासून ये.